खाणीवरचा मोर

पाच चाळीस.
गजर मीच लावलेला, त्यामुळे
राग नेमका कुणावर काढायचा ते कळत नाही.
दुलईच्या आत सगळं मऊ भातासारखं गरम,
बाहेर फक्त एक नाक,
आणि ते माझंच आहे, एवढं थंडीनं कळवलंय.

काल पेपरात नऊ अंश होते. पाषाणला आठ.
पाषाणचा आकडा नेहमी एकानं कमी,
आणि तिथल्या लोकांना त्याचा कोण अभिमान!

ओट्यावर डिंकाच्या लाडवांचा डबा.
थंडीत अंगी लागतात म्हणून केलेले.
लागले. कमरेला लागले.
मनगटावर मुलानं दिलेलं घड्याळ:
परवा खलबत्त्यात तीळ कुटत होते, तर ते म्हणालं,
शाब्बास, बाराशे पावलं झाली.
मी काही बोलले नाही.
टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं काढलीत;
बिल आपल्या फायद्याचं चुकलं की
गिऱ्हाईक कसं गप्प बसतं, ते ठाऊक आहे मला.

तर, मंगळवारी नाही गेले टेकडीवर.
कारण तयार होतं: गुडघा.
गुडघ्याला विचारलं नव्हतं, तो ठणठणीत होता.
पावणेसातला पुन्हा जाग आली तेव्हा
खिडकीत ऊन, आणि डोळ्यांसमोर तुंगारेबाई:
वनखात्याच्या फाटकाशी लाल कानटोपीत,
दोन्ही हात काखेत घालून,
मला शिव्या न देता उभ्या.
(चित्रकला शिकवायच्या शाळेत. शिव्या देत नाहीत,
नुसत्या बघतात.)

नऊला फोन केला. म्हटलं, आधी आपणच ओरडावं.
'काय हो, आज दिसला नाहीत?'
पलीकडे जरा शांतता.
'मी होते की. थोडी उशिरा. खाणीकडून चढले.
आणि तुम्ही?'
'मी देवळाकडून.'
'अस्सं.'
'हो ना.'
मग दोघींनी एकमेकींना जागा दिली,
अरुंद पायवाटेवर देतात तशी,
एक पाय गवतात टाकून.

'खाणीवर मोर होता,' त्या म्हणाल्या.
आता हे कुणी मागितलं नव्हतं.
'पिसारा?'
'छे, झडलाय हो सगळा. बोडका अगदी.
पण चाल तीच, जहागीरदाराची.'
'मी ओरडणं ऐकलं त्याचं,' मी म्हणाले,
आणि म्हणता म्हणता
खरंच ऐकू आलं की काय, असं झालं.
दिवसभर कुकरच्या शिट्टीतही तेच.

बुधवारी गजराच्या आधी उठले.
मोजे दोन, एकावर एक. स्वेटर उलटा,
ते फाटकापाशी पोचल्यावर कळलं.
लाल कानटोपी आधीच हजर,
रोजच्यापेक्षा दहा मिनिटं आधी.
काही बोललो नाही.
पहिल्या चढाला बोलायला श्वास तरी कुठे असतो?
छातीचा भाता, पोटऱ्यांत कुरकुर,
वाळलेल्या शेंगा बुटांखाली कडाकडा,
खाली कोथरूड धुक्यात
पांघरुणातून पाय बाहेर राहिल्यासारखं.
दुसऱ्या वळणाला कान गरम झाले.
तिसऱ्याला मी कानटोपी काढली,
आणि इतका वेळ कसली एवढी भीती होती
ते काही केल्या आठवेना.

देवळाकडे त्या वळल्या नाहीत. मीही नाही.
सरळ खाण.

पाणी गप्प. वर हलकी वाफ.
पलीकडच्या कातळावर कुणी नाही,
एक होला, तोही फुगून बसलेला.
'काल इथंच होता,' तुंगारेबाईंनी बोट केलं,
अगदी नेमकं, फळ्यावर दाखवावं तसं.
मी तो रिकामा कातळ
नीट, सगळीकडून पाहून घेतला.

'उद्या बघू,' म्हटलं.
'उद्या जरा लवकर येऊ,' त्या म्हणाल्या.